कोकालिकसुत्तातील एक संख्या : गणिताच्या साक्षीने पाठचिकित्सा

पालि साहित्यातील मोठ्या संख्यांविषयी आपल्या अभ्यासवर्गांतून दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काही उपासक अभिमानाने सांगतात की, ‘असंखेय्य’ म्हणजे एकावर १४० शून्ये, आणि एवढी प्रचंड संख्या जगात प्रथम बौद्ध भिक्खूंनीच मोजली. दुसरा वर्ग बुद्धिवादी तरुणांचा. कोटी-कोटींचे आकडे दिसले की त्यांना पुराणांचा वास येतो आणि ते पान उलटतात. या दोन्ही वर्गांचा एकमेकांशी वाद असला तरी आकडा कागदावर मांडून पाहण्याचे कष्ट दोघेही सहसा घेत नाहीत. प्रस्तुत लेखात एकच संख्या मांडून पाहावयाची आहे. ती सुत्तनिपाताच्या महावग्गातील कोकालिकसुत्ताच्या अखेरीस येते. माझ्या मते संपूर्ण तिपिटकात जिचा खरेखोटेपणा वाचकाला स्वतः पडताळता येतो अशा मोजक्या विधानांपैकी ते एक आहे.

कथा परिचित आहे. कोकालिक नावाचा भिक्खू भगवंतांकडे येऊन सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे पापी इच्छांचे आहेत असा आरोप करतो. भगवंत त्याला तीनदा थांबवितात, तो तीनदा तेच बोलतो. तेथून निघाल्यावर त्याच्या सर्वांगावर पुटकुळ्या उठतात. मोहरीएवढ्या, मग मुगाएवढ्या, पुढे बोराच्या आठळीएवढ्या, बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या, कोवळ्या बेलफळाएवढ्या, शेवटी पिकल्या बेलाएवढ्या होऊन त्या फुटतात. तो मरण पावतो आणि पदुम निरयात जातो. एक भिक्खू विचारतो, पदुम निरयातील आयुष्य किती? भगवंत म्हणतात, वर्षांच्या संख्येने ते सांगणे सोपे नाही. उपमा मात्र देता येईल. कोसल देशाच्या मापाने वीस खारी तीळ भरलेली एक गाडी घ्यावी. दर शंभर वर्षांनी कोणी एकाने तीतून एक तीळ काढावा. ती गाडी रिकामी होईल, पण एक अब्बुद निरय तेवढ्यात संपणार नाही. वीस अब्बुद म्हणजे एक निरब्बुद, वीस निरब्बुद म्हणजे एक अबब, आणि असेच वीसवीसपटीने अटट, अहह, कुमुद, सोगन्धिक, उप्पल, पुण्डरीक व शेवटी पदुम.

हा गद्य भाग संयुत्तनिकायाच्या ब्रह्मसंयुत्तात आणि अंगुत्तरनिकायाच्या दसकनिपातातही आहे. सुत्तनिपातात मात्र त्यापुढे निरयवर्णनाच्या लांबलचक गाथा येतात, आणि शेवटाकडे एक हिशेबी गाथा येते. तिचा आशय असा : पदुम निरयासाठी जे तिळाचे गाडे सांगितले ते जाणकारांनी मोजलेले आहेत, ते पाच नहुत कोटी आणि वर आणखी बाराशे कोटी इतके भरतात.

आता मांडणी करू. अब्बुदाचा एक गाडा धरला तर निरब्बुदाचे २०, पुढच्याचे ४००, चौथ्याचे ८,०००, पाचव्याचे १,६०,०००, सहाव्याचे ३२ लाख, सातव्याचे ६ कोटी ४० लाख, आठव्याचे १२८ कोटी, नवव्याचे २,५६० कोटी आणि दहाव्याचे, म्हणजे पदुमाचे, ५१,२०० कोटी. नहुत म्हणजे दहा हजार धरले तर पाच नहुत कोटी म्हणजे ५०,००० कोटी. त्यात बाराशे कोटी मिळविले की ५१,२०० कोटी. गाथेचा आकडा शून्यालाही न चुकता बरोबर आहे. सलग अंकांत तो ५,१२,००,००,००,००० असा लिहावा लागेल.

येथे जो सूक्ष्म मुद्दा आहे तो सहज निसटतो. निरयांची नावे दहा आहेत, पण त्यांच्यामधील पायऱ्या नऊच. दहा खांबांमध्ये नऊ गाळे असतात, तसे. अर्धवट हिशेबी माणूस नावे मोजतो आणि वीसला दहा वेळा गुणतो. मग उत्तर १०,२४,००० कोटी येते. गाथाकाराने ती चूक केलेली नाही. त्याची संख्या वीसचा नववा घात आहे. याचाच अर्थ, अब्बुद हे त्याने एकक मानले, गुणाकाराची पहिली पायरी मानली नाही. गद्य इतके स्पष्ट सांगत नाही. ते फक्त एवढेच म्हणते की गाडी आधी संपेल. म्हणून काटेकोरपणे पाहिल्यास ५१,२०० कोटी ही पदुमाच्या आयुष्याची किमान मर्यादा ठरते, नेमके आयुष्य नव्हे. गाथेने ‘गाडे मोजले’ असे म्हटले, ‘आयुष्य मोजले’ असे म्हटले नाही, हे लक्षात घ्यावे.

या संख्येचे काही गुणधर्म आपल्या कामाचे आहेत. तिचे मूळ अवयव दोनच : २ हा अठरा वेळा आणि ५ हा नऊ वेळा. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या १९० आहेत. ती पूर्ण वर्ग नाही, पण पूर्ण घन आहे. ८,००० ला ८,००० ने आणि पुन्हा ८,००० ने गुणले की ती येते. म्हणजे चौथ्या निरयाची जी संख्या, तिचाच घन पदुमाला लागतो. तिळाच्या गाड्या एकीला एक लावून ८,००० लांब, ८,००० रुंद आणि ८,००० उंच अशी रास रचली तर ती पदुमाची रास होईल. वीसला १९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून वीसच्या कोणत्याही घाताला १९ ने भागले तरी बाकी १ च. यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे : आधीच्या नऊही निरयांचे गाडे एकत्र केले तर ते २६,९४,७३,६८,४२१ होतात, म्हणजे पदुमाच्या एकोणिसाव्या हिश्शाहून किंचित कमी. अशा चढणीत शेवटची पायरीच सर्वस्व असते. यादीत एक नाव घातले वा गाळले की सगळा हिशेब वीसपट हलतो. नावांचा क्रम बदलल्याने मात्र काहीच हलत नाही. अबब, अहह, अटट या तीन नावांचा क्रम सर्वत्र एकसारखा नाही, पण गुणाकाराला त्याची पर्वा नाही.

याचा पुरावा बाहेरही मिळतो. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात हीच तिळाची उपमा आणि हाच वीसचा गुणक आहे, परंतु तेथे शीत नरकांची नावे आठ आहेत. आठ नावे म्हणजे सात पायऱ्या. शेवटच्या महापद्माला १२८ कोटी गाडे येतात. आपली गाथा त्याच्या चारशेपट सांगते, कारण पालि यादीत दोन पायऱ्या अधिक आहेत. म्हणून ही गाथा दहा नावांच्या गद्याला बांधलेली आहे, ते गद्य समोर (किंवा मुखोद्गत) असल्याखेरीज ती रचली जाणे शक्य नव्हते. ती नंतरची आहे याला परंपरेचाही दुजोरा आहे. महाअट्ठकथेने निश्चित केलेल्या पाठात शेवटच्या दोन गाथा नव्हत्या, असे सुत्तनिपाताची अट्ठकथा परमत्थजोतिका प्रामाणिकपणे नोंदवते. अट्ठकथाकारांच्या या प्रामाणिकपणाचे आपण पुरेसे कौतुक करीत नाही.

पण सुत्तात आणखी एक संख्या आहे, आणि ती या संख्येशी जुळत नाही. तिन्ही ठिकाणी येणाऱ्या एका गाथेत म्हटले आहे की, आर्यांची निंदा करणारा एक लाख निरब्बुद, वर छत्तीस, आणि पाच अब्बुद इतका काळ निरयात जातो. अट्ठकथा हे छत्तीसही निरब्बुदच मानते. गद्यातील वीसचा गुणक लावला तर १,००,०३६ निरब्बुदांचे २०,००,७२० अब्बुद, आणि पाच मिळून २०,००,७२५ होतात. एका बाजूला वीस लाखांच्या घरातील अब्बुद, दुसऱ्या बाजूला ५१,२०० कोटी! दुसरी संख्या पहिलीच्या सुमारे २,५५,९०० पट आहे. शिवाय २०,००,७२५ ला वीसने भागले तर पाच उरतात; वीसच्या चढणीतून ही संख्या येऊच शकत नाही. एकाच सुत्तात, एकाच पापाला, दोन शिक्षा आहेत आणि त्या दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवर मोजलेल्या आहेत.

माझा निष्कर्ष असा की, या गाथेत अब्बुद आणि निरब्बुद हे निरय नाहीत, ते संख्यावाचक शब्द आहेत. अर्बुद व न्यर्बुद ही नावे यजुर्वेदाच्या संख्यायादीत आहेतच, आणि तेथे न्यर्बुद हे अर्बुदाच्या दसपट आहे, वीसपट नव्हे. अट्ठकथाही सांगते की अब्बुद नावाचा निराळा निरय नाही. अवीचीतच अब्बुदाच्या गणनेने भोगावयाचा जो काळ, त्याला तसे म्हटले आहे. तेव्हा क्रम असा दिसतो : आधी संख्यांची गाथा, मग तिच्यातील दोन संख्यांना निरय समजून त्यांवर आठ नावे चढविणारे गद्य, आणि त्या गद्याचा हिशेब मांडणारी शेवटाकडची गाथा. तीन थर, आणि प्रत्येक थराचा आकडा वेगळा.

साहित्य म्हणून पाहता हे स्थित्यंतर फार अर्थपूर्ण आहे. अब्बुद या शब्दाला सूज, गाठ असाही अर्थ आहे. मराठीत आजही आपण शरीरातील गाठीला अर्बुद म्हणतो. कोकालिकाच्या अंगावर मोहरीपासून बेलफळापर्यंत वाढत गेलेली पुटकुळी आणि अब्बुदापासून पदुमापर्यंत वाढत गेलेला काळ या दोन चढणी कथेने एकाखाली एक ठेवल्या आहेत. पहिली डोळ्यांना दिसते, दुसरी केवळ गुणाकाराने कळते. मधली अबब, अटट, अहह ही तर विव्हळण्याचीच उच्चारणे आहेत. त्यांच्यापुढे एकदम कमळांची नावे यावीत यात एक भीषण सौंदर्य आहे. हे करणारा भाणक सामान्य नव्हता. शेवटचा हिशेबनीस गाथाकार मात्र कवी म्हणून कोरडा आहे. शंभर वर्षांनी एक तीळ उचलणारा हात वाचकाच्या मनातून जात नाही. पाच नहुत कोटी कोणाच्या लक्षात राहणार? त्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे.

ते ठिकाण म्हणजे ‘नहुत’ हा शब्द. उत्तरकालीन पालि परंपरेत नहुत ही एकावर २८ शून्ये असलेली संख्या आहे. संयुत्तनिकायाच्या अट्ठकथेत याच सुत्तावर वर्षांची गणना देताना कोटी, पकोटी, कोटिप्पकोटी, नहुत, निन्नहुत अशी एकेक कोटीपटीने चढणारी यादी दिली आहे आणि तिच्यापुढे अब्बुद, म्हणजे एकावर ४२ शून्ये, इतकी वर्षे. तेथून पुढे मात्र पुन्हा वीसपट! दोन मोजपट्ट्यांचा हा सांधा उघडा दिसतो. हा मोठा नहुत आपल्या गाथेत घालून पाहा. पाच नहुत कोटी म्हणजे पाचावर ३५ शून्ये होतील, आणि त्यात गाथाकार बाराशे कोटी ‘वर आणखी’ मिळवील. समुद्रात ओंजळ ओतून पाणी वाढले म्हणण्यासारखे ते होईल. नहुत दहा हजारच धरला तर बेरीज वीसच्या नवव्या घातावर नेमकी बसते. एका शब्दाचा अर्थ कोशाच्या आधाराने नव्हे, गुणाकाराच्या आधाराने निश्चित होतो, अशी उदाहरणे पाठचिकित्सेत दुर्मिळ असतात. लेखकूने पाचाचे सहा किंवा बाराचे अकरा केले असते तरी ते लगेच उघडकीस आले असते, कारण या चढणीत ५१,२०० कोटींच्या मागे २,५६० कोटी आणि पुढे १०,२४,००० कोटी याखेरीज दुसरी जागाच नाही.

हा गुणाकार लेखणीशिवाय कसा झाला असेल, असे विद्यार्थी विचारतात. तो वाटतो तितका अवघड नाही. वीस म्हणजे दोनदा दहा. नऊ वेळा दुप्पट केले की २, ४, ८ असे करीत ५१२ येतात, आणि दहाच्या नऊ पायऱ्या दस, सत, सहस्स या नावांनीच चढल्या जातात. गाथेने ५१२ चे ‘पाच’ आणि ‘बारा’ असे दोन तुकडे का केले तेही यावरून कळते : पाच नहुतांच्या घरात, बारा शतांच्या घरात. मज्झिमनिकायाच्या गणकमोग्गल्लानसुत्तात एक हिशेबनीस ब्राह्मण सांगतो की आम्ही शिष्यांना एकाचा एक, दोनाची जोडी, तिनाचे त्रिक असे शंभरापर्यंत मोजायला लावतो. आपल्या शाळांतील पाढ्यांचीच ही पूर्वपीठिका. विनयपिटकात उपालि नावाच्या मुलाचे आईवडील म्हणतात की, हा गणना शिकला तर याची छाती दुखेल. लेखन शिकला तर बोटे दुखतील. गणना घोकून करावयाची विद्या होती, असे यावरून मला वाटते. आणि वीसचा गुणक तरी परका कोठे आहे? आपल्या आजोबा-पणजोबांच्या धान्याची खंडीही वीस मणांचीच होती.

अट्ठकथेने तिलवाहाचे मापही दिले आहे : चार पत्थ म्हणजे आळ्हक, चार आळ्हक म्हणजे दोण, चार दोण म्हणजे मानिका, चार मानिका म्हणजे खारी, वीस खारी म्हणजे तिळाची गाडी. गुणाकार केला तर एका गाडीत कोसलाचे ५,१२० पत्थ बसतात. पुन्हा ५१२! यात गूढ शोधू पाहणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो : दोन्ही संख्या वीस आणि दोनचे घात यांपासून बनल्या आहेत, म्हणून अंक सारखे दिसतात. याहून अधिक त्यात काही नाही.

आता ‘असंखेय्या’कडे येऊ. कच्चायन व्याकरणाच्या परंपरेत कोटीपासून असंखेय्यापर्यंत वीस नावे आहेत आणि प्रत्येक नाव आधीच्याच्या कोटीपट. सात शून्ये वीस वेळा, म्हणून १४० शून्ये. या वीस नावांत आठव्यापासून सतराव्यापर्यंत कोणती नावे आहेत? अब्बुद, निरब्बुद, अहह, अबब, अटट, सोगन्धिक, उप्पल, कुमुद, पुण्डरीक, पदुम. हे तर आपले दहा निरयच. पहिल्या दोन नावांना संख्येचा इतिहास आहे. पण विव्हळण्याची आणि कमळांची नावे संख्यांच्या रांगेत येण्याचे कारण ती निरयांच्या रांगेत आधीच उभी होती, हेच संभवते. तेथे पायरी वीसची होती, येथे ती कोटीची झाली. सुत्तात अब्बुद ते पदुम हे अंतर ५१,२०० कोटीपट होते. व्याकरणात ते एकावर ६३ शून्ये इतके पट झाले. कोणीही काही मोजत नव्हते. हाती असलेल्या नावांना शून्ये वाटली जात होती. अशी रांग लावणाऱ्या बुद्धीचा मला आदर आहे, पण तिला ‘मोजणी’ म्हणून मिरविणे योग्य नाही. एकावर १४० शून्ये या संख्येपाशी पडताळण्यासारखे काहीच नाही. ५१,२०० कोटींपाशी आहे. अभिमान बाळगायचाच असेल तर तो या लहान संख्येचा बाळगावा.

बुद्धिवादी वाचकाचा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. निरयाचे भय घालून माणसाला धम्माच्या वाटेवर आणणे हे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात बसते काय? बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी भाणकांच्या मुखपरंपरेत भगवंतांच्या वचनांचा विपर्यास कसा झाला याची चर्चा केली आहे. हा विपर्यास कर्म आणि पुनर्जन्म या विषयांत विशेष आढळतो असेही दाखविले आहे. आणि जे विवेकाला व तर्काला धरून असेल ते बुद्धवचन मानावे अशी कसोटी दिली आहे. ही कसोटी बाहेरून लादलेली आहे, असे काही पारंपरिक विद्वान म्हणत आले. कोकालिकसुत्त त्यांना उत्तर देते. २०,००,७२५ आणि ५१,२०० कोटी हे दोन आकडे एकाच मुखातून एकाच प्रसंगी आलेले असू शकत नाहीत, हे सांगायला श्रद्धाही लागत नाही आणि अश्रद्धाही लागत नाही. भाणकांचे थर ग्रंथातच आहेत, आणि त्यांतील एका थराने आपला हिशेब आपणच लिहून ठेवला आहे. पान उलटणाऱ्या तरुणाच्या हातून हाच पुरावा निसटतो. बाबासाहेबांची चिकित्सा पुढे न्यायची तर ती पाने वाचूनच न्यावी लागेल.

भाषांतराविषयी एक मागणी करून थांबतो. या गाथेच्या आशयात ‘असंख्य वर्षे’, ‘अगणित काळ’ असे शब्द कानांवर येतात. मूळ शब्द ‘गणिता’ आहे, मोजलेले. त्याचे ‘अगणित’ करणे म्हणजे नेमके उलटे सांगणे होय. मराठी अनुवादात ‘एक्कावन्न हजार दोनशे कोटी गाडे’ असेच छापावे, आणि पालि-मराठी कोशात नहुत या नोंदीखाली दोन अर्थ दोन ओळींत द्यावेत : जुना दहा हजार, नवा एकावर २८ शून्ये. विनयाच्या महावग्गात बिंबिसार राजाबरोबर भगवंतांच्या दर्शनाला आलेले मगधाचे बारा नहुत ब्राह्मण-गृहपती पहिल्या ओळीत मोडतात. ते १,२०,००० होते.